रफूवाल्या मामीचा हॉटेलातला मुक्काम

आमच्या मामीचा एक डोळा लहानपणीच गेला. झोपाळ्याची तार तुटून लागली, एवढंच ती सांगते. कुणी जास्त खोदून विचारलं तर म्हणते, "गेला तो गेला, राहिलाय त्याची चौकशी करा." त्या राहिलेल्या डोळ्यावर ती रफूचं काम शिकली आणि त्यावरच तिने उभा जन्म काढला.

ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात जिन्याखाली जो कोनाडा असतो तेवढंच तिचं दुकान. एक टेबल, पाठीला उशी बांधलेली खुर्ची आणि मान हवी तशी वळवता येणारा दिवा. कुणाच्या कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असायचं, कुणाची शाल कसरीने खाल्लेली, कुणाची नवी पॅंट पहिल्याच दिवशी खिळ्यात अडकलेली. मामी त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढायची, आधी उभे भरायची, मग त्यात आडवे विणायची. गिऱ्हाईक न्यायला आलं की कपडा त्याच्यापुढे पसरायची आणि म्हणायची, "शोधा." मग स्वतः हाताची घडी घालून बसायची. शोधणारा हरला की तिचा चेहरा असा खुलायचा की मजुरी न मिळाली तरी चाललं असतं तिला.

मामा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. तिथे यंत्रांचा एवढा आवाज की बोलून उपयोग नसायचा, माणसं खाणाखुणांवर काम करायची. ती सवय मामाला घरीही लागली. मी शाळेची वर्षं त्यांच्याकडे काढली. तेव्हापासून माझा अनुभव असा, की मामाशी बोलायचं म्हणजे प्रश्नही आपण विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचं. तो मान हलवून मंजुरी द्यायचा. मामीची मात्र टकळी अखंड चालू. "दोघांच्या वाटणीचं मला एकटीला बोलावं लागतं, घसा कसा राहणार?" असं ती यायच्या-जायच्या पाहुण्यांना ऐकवायची.

साठीच्या आत-बाहेर असताना मामीच्या त्या डोळ्यापुढे धुकं धरायला लागलं. पहिल्यांदा तिने दिव्याला दोष दिला आणि दिवा बदलला. मग दोरेवाल्याला दोष दिला, की हल्ली रंग धड देत नाही. एक दिवस तिने काळ्या कोटाला निळ्या धाग्याने रफू केलं. गिऱ्हाईक भलं होतं, काही न बोलता कोट घेऊन गेलं. पण मामा तिला न्यायला आलेला होता, त्याने तो कोट उजेडात पाहिला. घरी येईपर्यंत तो गप्प राहिला. त्यात तसं नवीन काही नव्हतं, पण मामीला त्या गप्प राहण्यातला फरक कळला. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात गेली नाही.

मोतीबिंदू पिकून अगदी दगड झाला होता. आमच्याकडचे डॉक्टर म्हणाले, एकच डोळा आहे, मी हात लावणार नाही, मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा. मामीने जाणं टाळलं. आज पाहुणे आहेत, उद्या ऊन फार आहे, परवा गुडघा दुखतोय. खरं कारण तिने मला एकदा फोनवर सांगितलं. धुकं का होईना, पण माणूस आला-गेला कळतंय. उद्या हेही गेलं तर काय करू? यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

सुचलं ते मामाला. एका संध्याकाळी ती अशीच मांडीवर हात ठेवून बसली होती. मामा समोर येऊन बसला आणि म्हणाला, "तुला भीती वाटते ते मला कळतं. पण तुझे हे हात असे रिकामे पडलेले मला बघवत नाहीत."

मामी सांगते, एवढं लांबलचक वाक्य तिने त्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. ती उठली आणि बॅग भरायला लागली.

मला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून मी त्यांच्यासाठी हॉस्पिटलच्या जवळचं एक हॉटेल ठरवून दिलं. फार भारी नाही, फार साधंही नाही. कामानिमित्त आलेली माणसं एखादी रात्र काढतात, तसलं. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी काढणार होते, त्यामुळे एक रात्र शहरात राहणं भागच होतं. दोघांपैकी कुणीही आजवर हॉटेलात राहिलेलं नव्हतं. कुठेही गेले तरी कुणीतरी चुलत, मावस निघायचंच. या शहरात मात्र कुणी नव्हतं.

ऑपरेशन दुपारी झालं. डॉक्टरीणबाई मवाळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मामीचा हात थोपटून सांगितलं, की माझ्याकडून काम नीट झालंय, आता उद्या बघू. मग डोळ्यावर जाड पट्टी आणि वर प्लॅस्टिकची झाकणी बसली. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांनी मामाला दोनदा बजावलं. एक डोळा आधीच गेलेला आणि दुसरा बांधलेला, त्यामुळे त्या दुपारपासून मामीला मिट्ट काळोख होता.

मामा तिला हाताला धरून हॉटेलात घेऊन आला. काउंटरवरच्या तरुणाने चावी म्हणून एक पातळ कार्ड दिलं. पाचव्या मजल्यावर दारापाशी आल्यावर मामाने ते उलटं घातलं, सुलटं घातलं, घासून पाहिलं, पण दार काही उघडेना. मामी शेजारी भिंतीला टेकून उभी. ती म्हणाली, "अहो, कडी वाजवून बघा, आतून कुणी उघडलं तर." शेवटी बाजूच्या खोलीतून साफसफाई करणारी बाई आली, तिने कार्ड घालून झटकन मागे ओढलं आणि दार उघडलं. मामा तिला धन्यवाद म्हणायच्या आत ती आपली गाडी ढकलत पुढे गेलीसुद्धा.

खोलीत आल्यावर मामाने मामीला पलंगावर बसवलं आणि सवयीने म्हणाला, "हे बघ."

"काय बघू?" मामी म्हणाली.

मामा ओशाळला. मामीला हसू आलं, पण हसताना डोळ्याला ताण पडेल म्हणून तिने ते ओठातच दाबलं. मग तिने त्याला सांगितलं, की मुक्काम पाहुण्यांसारखा आपण दोघांनी करायचाय, मग खोली मला पण कळू दे की. कशी आहे ती सांगा.

आता मामाची पंचाईत झाली. तो म्हणाला, पलंग आहे. कसला, असं मामीने विचारलं. लाकडाचा, म्हणाला. खिडकी? आहे. पडदे? आहेत. मामीने कपाळावर हात मारून घेतला असता, पण धक्का लागू द्यायचा नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही खोली सांगताय की हजेरी घेताय?"

मामाने खोलीभर नजर फिरवली. मग त्याला एक युक्ती सुचली. पंपघरात नवीन माणूस आला की मामा त्याला पहिल्या दिवशी दिवे बंद करून फिरवायचा. वीज कधीही जाते, तेव्हा अंधारात हाताने सगळं सापडलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तसंच त्याने मामीला उठवलं, तिचा हात हातात घेतला आणि एकेक वस्तूवर ठेवत चालला. ही पलंगाची कड, इथे संपते. हे कपाट, याचं हॅंडल गार लागतंय बघ. ही खुर्ची, हिचा एक पाय डुगडुगतो, बसू नकोस. हे टेबल, वर फोन. इथे बाथरूमचा उंबरठा, बोटभर उंच. खिडकीची काच सरकते, पण खालचं चाक गेलंय, त्यामुळे अडकते. आणि एकदा हात कामाला लागल्यावर जीभही सुटली. खिडकीतून समोर एक शिंप्याचं दुकान दिसतंय, वर कुणीतरी गच्चीत चादरी वाळत घातल्यात, एक पांढरी चादर दोरीवरून निसटून निम्मी लोंबतेय, असं सगळं त्याने सांगितलं. भिंतीवरच्या चित्रातली नाव वाकडी आहे की चौकट वाकडी, यावरही त्याने मत दिलं. मामी मुकाट्याने ऐकत होती. इतकी वर्षं आपण बोललो आणि हा माणूस एवढं सगळं बघत होता, हे तिच्या मनात आलं, असं ती सांगते.

शेवटी तो तिला दाराबाहेर घेऊन गेला. दार उघडंच ठेवून त्याने तिचा डावा हात भिंतीवर टेकवला आणि भिंतीच्या कडेकडेने तिला पार मागच्या जिन्यापर्यंत नेऊन आणलं. मामी म्हणाली, "मला कुठे पळून जायचंय?" मामा म्हणाला, नव्या जागी गेलं की आधी बाहेर पडायची वाट बघायची, ही पंपघराची शिस्त आहे.

चहा आला, तो मामाने कपाला तिची बोटं लावून पाजला. मग औषधांची पिशवी उघडली तेव्हा लक्षात आलं, की थेंब आहेत, पण डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून जी गोळी जेवणाआधी घ्यायची ती हॉस्पिटलच्या दुकानात शिल्लक नव्हती आणि बाहेरून घ्यायला सांगितली होती. मामाचा पाय निघेना. मामीने त्याला अक्षरशः हाकललं. इथे मी राणीसारखी पलंगावर बसलेय, मला काय होतंय, जाऊन या. जाताना त्याने तिच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला, खाली काउंटरवर सांगितलं की बायको वर एकटी आहे, लक्ष ठेवा, आणि औषधाचं दुकान शोधायला निघाला.

तो गेला आणि थोड्याच वेळात धोक्याची घंटा वाजायला लागली.

मामीला आधी वाटलं, कुणाचा फोन असेल. पण आवाज थांबेना आणि दाराबाहेरच्या बोळात पळणाऱ्या पावलांचा आवाज वाढायला लागला. दारं आपटत होती. कुणीतरी मोठ्याने कुणाला तरी खाली ये म्हणून सांगत होतं. आणि मग जळका वास आला, कापड जळतं तसा. तो वास मामी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

ती उठली. चपला पलंगाखाली कुठेतरी होत्या, पण त्या शोधायला वाकावं लागलं असतं, म्हणून तशीच अनवाणी निघाली. एक हात डोळ्यावरच्या झाकणीपुढे आडवा धरला आणि दुसऱ्याने पलंगाची कड, कपाट, मग दार असं चाचपत गेली. मामाने दाखवलेलं सगळं जागच्या जागी होतं. बोळात आल्यावर तिने डावा हात भिंतीला लावला. पण पळणाऱ्या माणसांपैकी कुणाची तरी बॅग तिच्या खांद्याला लागली, ती भेलकांडली, आणि तिथेच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोळा सांभाळू की जीव, हे तिला कळेना. हाक मारावी तर घंटेपुढे आवाज पोचेना. तेवढ्या गर्दीत आपण जणू कुणाला दिसतच नाही, असं तिला वाटलं.

मग एका बाईने तिचं मनगट धरलं. "काकू, मी इथेच काम करते. भिऊ नका, हात माझ्या खांद्यावर ठेवा."

ती बाई पुढे झाली, मामी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. जिन्यापाशी आल्यावर ती पायरी आली की पायरी म्हणायची आणि वळणावर सपाट म्हणायची. मागून लोक घाई करत होते, त्यांना ती दरडावून सांगत होती, की कडेने जा, यांचं ऑपरेशन झालंय. आवाज खणखणीत होता. पण मामीच्या हाताखाली तिचा खांदा थरथरत होता.

"घाबरलीस?" मामीने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"मी पण."

"मग दोघी हळूच जाऊ."

दोघी हळूच गेल्या. मधेच मामीच्या बोटांना त्या खांद्यावर उसवलेली शिवण लागली. काय करणार, सवय. ती म्हणाली, तुझी बाही सुटायला आलीय गं. त्यावर ती बाई चालता चालता हसली. आज सुपरवायझर सोडून सगळ्यांना दिसलीय, म्हणाली. त्यानंतर तिचा खांदा जरा कमी थरथरला, असं मामीला वाटलं. तळमजल्यावर गार वारा लागला तेव्हा बाहेर आल्याचं कळलं. बाईने तिला फुटपाथवर एका कठड्याला टेकवून उभं केलं, इथून हलू नका म्हणाली आणि पुन्हा आत गेली. कुणी राहिलंय का बघायला बाकीच्यांबरोबर तिला बोलावलं होतं.

इकडे मामा गोळी घेऊन परत येत होता. रस्त्याच्या टोकाला त्याला हॉटेलसमोर जमलेली माणसं दिसली. मामा पळाला. पुढच्या दारावर पहारेकऱ्याने त्याला अडवलं, वर जाता येणार नाही म्हणाला. मामा त्याला म्हणाला, "माझी बायको वर आहे. तिला दिसत नाही." पहारेकरी काही बोलायच्या आत तो त्याच्या हाताखालून आत शिरला आणि पुढच्या जिन्याने पाच मजले चढून गेला. मामी तेव्हा मागच्या जिन्याने उतरून बाहेर आलेली होती.

खोलीचं दार उघडं, पलंग रिकामा, चपला खाली तशाच. मामाने बाथरूम पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, कपाटसुद्धा उघडून पाहिलं. मग त्याने ती अडकणारी खिडकी जोर लावून सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि ओरडला. लग्न झाल्यापासून त्याने मामीला नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलेलं नाही. अगं, ऐकलंस का, यावर त्यांचा संसार झाला. त्या संध्याकाळी त्याने अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी तिच्या नावाची हाक मारली. पंपघरात यंत्रं चालू असताना मारावी तशी.

मामी खाली कठड्याला टेकून उभी होती. आपलं नाव आभाळातून आल्यासारखं तिला वाटलं. ती सांगते, एक क्षण मला कळेचना की हा कोण आणि मला का बोलावतोय. मग आवाज ओळखू आला. तिने हात वर केला आणि तो खाली येईपर्यंत तसाच धरून ठेवला. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, बाई, त्यांनी बघितलंय तुम्हाला, आता हात खाली घ्या. पण तिने घेतला नाही.

मामा खाली आला. त्याच्या एका हातात तिच्या चपला होत्या. त्याला धाप लागली होती. तो फुटपाथवर गुडघ्यावर बसला, तिच्या तळव्यांवरची माती रुमालाने पुसली आणि एकेक पायात चपला घातल्या. आजूबाजूला एवढी माणसं उभी होती, कुणी हसलं असेल, कुणी बघत राहिलं असेल. मामीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिला कळलं की तो रडतोय.  बोलण्याचं काम कायम तिच्याकडे होतं, पण तेव्हा तिने नुसता त्याच्या केसांतून हात फिरवला.

झालं होतं असं की तळघरात कपडे सुकवायच्या यंत्रात टॉवेल गरम होऊन धुमसले होते. धूर झाला, आग अशी लागलीच नाही, आणि कुणाला काही इजा झाली नाही. अंधार पडायच्या आत सगळ्यांना परत वर सोडलं. मॅनेजर स्वतः खोलीत येऊन माफी मागून गेला, गरम सूप आणि फळं पाठवली. मामाने त्याच्याकडे त्या बाईची चौकशी केली. कोण ते त्याला नक्की सांगता आलं नाही, सगळेच धावपळीत होते म्हणाला. गोळी मात्र वेळेवर घेतली गेली. एवढ्या गोंधळातही मामाने ती खिशात मुठीत धरून ठेवली होती. झोपेत मामीचा हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून तो तिचं मनगट धरून झोपला. मामी म्हणते, मला उलट त्या रात्री फार शांत झोप लागली. व्हायचं ते होऊन गेलं, असं वाटत होतं.

सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवली. कालचा प्रकार मामाने सांगितल्यामुळे त्यांच्याही कपाळावर आठी होती. त्यांनी डोळा पुसला आणि हळूच उघडायला सांगितलं. मामीने उघडला. पाणी आलं, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं हललं, आणि मग पांढरं काहीतरी स्थिर झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिसतंय?

मामी म्हणाली, "तुमच्या कोटाच्या खिशाजवळ एक धागा ओढला गेलाय."

डॉक्टरीणबाईंनी आधी खिशाकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं आणि दोघंही हसायला लागली. त्यांनी यंत्रातून तपासून सांगितलं, की डोळा उत्तम आहे, हळूहळू आणखी स्वच्छ दिसेल. मामीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. बाहेर पुढच्या पेशंटला बोलावत होते, तरी त्यांनीही घाई केली नाही.

मग मामीने वळून मामाकडे पाहिलं. धुक्यातून तो तिला दिसत होता, पण नीट पाहून बराच काळ लोटला होता. भुवया पांढऱ्या झालेल्या, गळ्याची कातडी सैल झालेली, दाढी घाईत केलेली.

"किती म्हातारे झालात हो," ती म्हणाली.

"कालच झालो," मामा म्हणाला.

सामान घ्यायला ते हॉटेलात परत आले. मामाला दुपारची गाडी पकडायची होती. मामी म्हणाली, मला त्या बाईला बघितल्याशिवाय जायचं नाही. काउंटरवरच्या तरुणाने इकडेतिकडे फोन करून शोध लावला. ती दुपारपाळीला येते, म्हणाला. म्हणजे गाडी चुकणार. मामी मामाच्या तोंडाकडे बघायला लागली. मामाने काही न बोलता बॅग खाली ठेवली आणि सोफ्यावर बसला.

मामी बसली नाही. ती त्या बैठकीच्या खोलीत फिरत राहिली. कुंडीतलं झाड खोटं आहे, त्याच्या पानांवर धूळ आहे, गालिच्याच्या कडेला कुणाच्या बुटाने टाका सुटलाय, येणाऱ्या एका मुलीच्या फ्रॉकवर बारीक बारीक मासे आहेत, हे सगळं ती येऊन मामाला सांगायची आणि परत जायची. मामा मान हलवत होता.

दुपारी बाई आली. मामीने मनात एक उंच, तरणीताठी मुलगी धरून ठेवली होती. आली ती ठेंगणी, भरल्या अंगाची, कानाजवळ केस पिकलेली बाई. हातात डबा, घाईत चाललेली. तरुणाने तिला थांबवून मामीकडे बोट दाखवलं. पट्टी नसल्यामुळे तिने मामीला ओळखलं नाही, कुणाची तरी तक्रार असेल असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं.

मामी म्हणाली, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू?" ती म्हणाली.

तो आवाज ऐकला आणि मामीने तिला जवळ घेतलं. बाई अवघडून गेली, डबा एका हातात तसाच. मग तिलाही ओळख पटली आणि दिसलं का, दिसलं का, असं ती विचारायला लागली. मामी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत होती. अगदी पोटभर बघितला, असं सांगते. हनुवटीवर तीळ आहे, पुढचा दात थोडा तिरका आहे, डोळे तपकिरी.

बोलता बोलता कळलं, की घंटा वाजली तेव्हा ती बाई खरं तर तिच्या बरोबरच्या बायकांबरोबर निम्मा जिना उतरून गेली होती. तिथे तिला आठवलं, की ज्यांना दार उघडून दिलं ते काका नंतर आपल्या बायकोला भिंतीला हात लावून चालायला शिकवत होते. आणि तेच काका मग एकटेच लिफ्टने खाली जाताना तिला दिसले होते. म्हणजे त्या काकू वर एकट्या आहेत. मग ती परत फिरली.

"तुला भीती वाटत होती ना?" मामीने विचारलं.

"घरी दोन लेकरं आहेत, काकू. वाटणार नाही तर काय? पण तुम्ही तिथे उभ्या आहात हे डोक्यातून जाईना."

मामा एवढा वेळ मागे उभा होता. तो पुढे आला, त्याने हात जोडले आणि म्हणाला, "ताई, हिच्याशिवाय मी..."  बाईने घाईघाईने त्याचे हात खाली केले. असं करू नका, तुम्ही वडीलधारे आहात, म्हणाली. तेवढ्यात तिला वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. खोल्या रिकाम्या झाल्यात, पलंग करायचे राहिलेत. ती लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद होईपर्यंत हात हलवत राहिली.

त्या दिवशी ते संध्याकाळच्या गाडीने निघाले. मला मामीचा फोन वाटेतूनच आला आणि घर येईपर्यंत चालला. मी ऑपरेशनचं विचारत होते, ती त्या बाईचं सांगत होती. ओळख ना पाळख, स्वतःचा जीव मुठीत धरून पुन्हा वर आली, म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी डोळा दिला, त्यांचे उपकार आहेतच, ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी जीव ओतून केलं. पण हिला कुणी सांगितलं होतं?   मागे मामाचा आवाज आला, फोन ठेव, बोलून डोळ्याला ताण पडेल. यावर मामी म्हणाली, बोलताना तोंड हलतं, डोळा नाही.

नवा चष्मा लागल्यावर मामीने जिन्याखालचं दुकान पुन्हा उघडलं. पहिल्या दिवशी पुरेसं काम नव्हतं, म्हणून तिने मामाचे दोन जुने स्वेटर रफूला घेतले. मी अलीकडे त्यांच्याकडे गेले तेव्हा तिच्यापुढे कुणाची तरी गडद हिरवी शाल पसरलेली होती आणि दिवा खाली ओढलेला. मला बघून तिने सुई धरलेला हात जरासा उचलला, बस म्हणून खूण केली आणि म्हणाली, एवढी ओळ भरून घेते, मग बोलू.